तिसरं अक्षर

खोकं उघडलं तेव्हा
विमानाचे सुटे भाग अजून पिशवीतच होते,
आणि तळाशी डिकॅलचा कागद,
बशीत राहून सुकलेल्या चहासारखा पिवळा.
बाबांनी तो संच घेतला एकोणऐंशी साली.
निवृत्त झाल्यावर करू, म्हणाले.
निवृत्त झाले.
मग मासे पकडत बसले.

ओउलूच्या दुकानातला ताइस्तो म्हणाला,
कागद खिडकीच्या काचेला लाव, तोंड बाहेर करून.
ऊन पिवळेपणा खातं.
म्हटलं, ताइस्तो, डिसेंबर चालू आहे.
मग थांब, म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

आमच्या केमियार्वीत डिसेंबरचा सूर्य
दारातूनच विचारपूस करून परततो.
कागद पारदर्शक पिशवीत घालून चिकटवला स्वयंपाकघरात,
भांडी घासताना समोर राहील असा.
बर्फ लोटणारी गाडी गेली की
काच थरथरायची, आणि तिच्यासोबत
न उडालेल्या विमानाची अक्षरं.
फेब्रुवारीत उजेड पहिल्या ओळीपर्यंत आला.
मार्चमध्ये बर्फावरून उलटा फिरून
दुप्पट झाला.
एप्रिलच्या एका सकाळी मला एकदम दिसलं,
कागद पांढरा आहे.

आधी एक नको असलेली पाटी कापली,
‘इथे पाय ठेवू नये’ एवढीच, मुंगीच्या अक्षरात.
कोमट पाण्यात सोडली.
तळ्यावरचा पहिला बर्फ तडकतो
तशी तडकली, आवाज न करता.
शाई शाबूत होती. तिला धरून ठेवणारा पापुद्रा
चाळीस वर्षांत म्हातारा झाला होता.

मग उरलेल्यांवर पारदर्शक लाखेचे दोन हात दिले,
पातळ, अगदी पातळ,
आणि रात्रभर हात लावला नाही.
विमानाच्या अंगालाही चकाकी दिली,
कारण खरखरीत रंगावर हवा अडकते
आणि अक्षराखाली चंदेरी धूर दिसत राहतो.
एवढं सगळं केलं.
तरी तिसऱ्या अक्षराच्या कोपऱ्यावर
लाख पोचलीच नव्हती.

पाण्यातून साय उचलावी तसा उचलला ‘के’.
शेपटीवर सरकवला.
खालचा पाय नव्हता.
वाटीत शोधला, टॉवेलवर शोधला,
चिमट्याच्या टोकाशी शोधला.
शेवटी सर्वांत बारीक कुंचला घेतला,
श्वास धरला,
आणि काळ्या रंगाने पाय काढला. छान, सरळ.

तेव्हा तो फोटो आठवला.
स्कीवरचं खरं विमान, गोठलेलं तळं,
पोटात टपाल, एक सुईण आणि यीस्टची पोती,
आणि शिडीवर बाबा, मेकॅनिक ओइवा,
उणे एकतीसमध्ये उडालेला टवका रंगवताना.
रंग दाट झालेला, बोटं त्यांची नव्हतीच.
त्यांच्या ‘के’चा पाय घसरला तो घसरलाच.
‘ओइवाचा के बसायला खुर्ची शोधतोय’,
वैमानिक म्हणायचे. सात हिवाळे म्हणत राहिले.
बाबाही हसायचे, पण पुन्हा रंगवला नाही.

टूथपिक ओली केली.
माझा सरळ पाय पुसून टाकला,
आणि पुन्हा काढला, जरा तिरपा,
खुर्चीच्या दिशेने.
अक्षराच्या कडांना मऊ करणारं द्रावण लावलं.
एक बुडबुडा राहिला होता, सुई टोचून
त्याची हवा जाऊ दिली.
वर शेवटचा थर. आता सगळं एक.

दुसऱ्या दिवशी चष्मा पुसायला घेतला
तर दांडीवर काहीतरी काळं, तिळाच्या फोलाएवढं.
पाय.
छापलेला, कारखान्यातला, निर्दोष.

तो मी लावला नाही.
उरलेल्या कागदासोबत पिशवीत ठेवला,
पिशवीवर तारीख घातली.
आणि ताइस्तोला अजून कळवलेलं नाही.
तो सरळ कर म्हणेल.