मेव्हिसचा अंगठा

शेफील्डच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
झाकणाच्या डबीत एक खुबा आहे.
डबीवर आकडा : दोनशे सतरा, डावा.
नाव लिहायची पद्धत नाही.

पण मंगळवारी बाई स्वतःच आल्या,
काठी टेकत, ओली छत्री जिन्यात विसरून.
"माझा आहे तो," म्हणाल्या. "बघायचाय."
मेव्हिस स्टॅनिफोर्थ, वय ब्याऐंशी.
मी सही घेतली, खुर्ची पुढे केली.

अकरा वर्षं होता तो त्यांच्या आत.
टायटॅनियमचा दांडा, वर कोबाल्ट-क्रोमचा गोळा.
चढणीचे रस्ते, बसची पायरी,
नवऱ्याच्या शेवटच्या आजारातले वरखाली जिने,
सगळं निमूट झेललं त्यानं.
मग जिभेवर नाण्याची चव आली.
कानात शिटी, चहा उकळत नसतानाही.
रक्त तपासलं तर रक्तात कोबाल्ट,
आणि मांडी उघडली तर
इंजिनातून काढलेल्या तेलासारखं काहीतरी करडं.

आमच्या यंत्राला माणकाचं टोक असतं.
रात्रभर ते गोळ्याला शिवत राहतं,
एका जागी, शेजारी, त्याच्या शेजारी,
सकाळी आकडा देतं : चार मायक्रॉन.
एवढं तर चालणाऱ्या माणसाचं झिजायचंच.
मी बाईंना तसं सांगितलं.

त्यांनी हातमोजा काढला.

चौदाव्या वर्षी कारखान्यात लागल्या होत्या,
चमच्यांना झिलई द्यायला.
पायांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं, डोक्याला लाल फडकं,
फिरत्या चाकावर वाळू आणि तेल,
दिवसाला बारा ग्रोस.
संध्याकाळी थुंकी काळी.
आई परसात उभं करून आधी कपडे झटकायची,
म्हणायची, अर्धा कारखाना घरी आणतेस.

डोळे मिटून त्यांनी गोळा फिरवला,
अंगठ्यानं, सावकाश,
जणू जत्रेत घेतलेलं अंडं सडकं निघू नये.
"हा ठीक आहे. चांगल्या हातानं घासलाय."
मग अंगठा पालथा करून आत घातला,
दांडा जिथं बसतो त्या भोकात.
थांबल्या.
"इथं बघ, पोरा."

दिव्याखाली धरलं.
आत एक कडं, काजळीसारखं.

उखळीचा सांधा हलण्यासाठीच असतो.
तो हलला, त्याचं काही बिघडलं नाही.
बिघडलं ते या दुसऱ्या जोडाचं,
जो कधीच हलणार नव्हता,
हातोडीच्या एका घावात कायमचा बसवलेला.
दोन जातींचे धातू, मध्ये फट, दिसणार नाही इतकी.
त्या फटीत अडकलेलं अंगातलं खारं पाणी
शिळं होत गेलं, आंबट होत गेलं.
दर पावलाला जरासा थरकाप,
धातूनं धरलेली साय खरवडली जायची.
पुन्हा धरायची.
पुन्हा खरवडली जायची.

गंज म्हटलं की मला लाल आठवायचा,
कुंपणाचा, खिळ्यांचा.
हा लाल नव्हता, भुगाही दिसत नव्हता.
चंदन झिजलं तर सहाणेवर उरतं,
हे झिजून कुठे कुठे गेलं
ते त्यांच्या रक्तालाच ठाऊक.

"आमचे काटेसुद्धा," त्या म्हणाल्या,
"मुठीशी जायचे. पाणी तिथं बसतं.
टोकाकडे सगळे बघतात."

घरी नेऊ का, विचारलं.
अहवाल झाल्यावर, मी म्हणालो.
बाहीनं त्यांनी तो पुसला, सवयीनं,
मी अडवेपर्यंत पुसून झाला होता.
मग छत्री शोधायला गेल्या.

गुरुवारी माणकाचं टोक आत सोडलं.
एकेचाळीस मायक्रॉन,
कड्याच्या डाव्या अंगाला,
त्यांनी दाखवलं होतं तिथंच.

अहवालात एक ओळ जास्तीची टाकली आहे :
नमुना हातमोज्याशिवाय हाताळला गेला.
गोळ्याच्या माथ्यावर अंगठ्याचा ठसा.
साफ केलेला नाही.