उतरता रंग

मिऱ्याएवढ्या बिया गेनोवेफानं
कानशीनं खरवडल्या,
चहाच्या पेल्यात रात्रभर भिजवल्या,
मे महिन्यात रोपं लावली
नवऱ्याच्या शिडीच्या पायाशी.
शिडी आता कुणी चढत नाही.

जून, जुलै, ऑगस्ट: नुसती पानं.
वेल टोकाला पोचली
आणि पुढे काय म्हणून
हवेत चाचपत राहिली.
कुंपणापलीकडून मारियान म्हणाला,
"बाई, बकरी पाळायची होतीत."

सप्टेंबरात दिवस आखडले
तेव्हा कुठे तुरे फुटले.
शेंड्याला लालभडक, खाली नारिंगी,
मग पिवळं, बुडाशी दुधाळ.
कळी लाल जन्मते
आणि उमलता उमलता उतरत जाते.

एकतीस वर्षं वूचच्या गिरणीत, रंगखात्यात,
ताग्याचा रंग उतरला
की हिचा पगार कापत.
लग्नाच्या फोटोतसुद्धा
हातमोजे आहेत, कोपरापर्यंत.

आता उपडी बादली ओढून ती बसते,
उतरणारा रंग बघते.
कुणी दंड लावत नाही.

गुरुवारी रात्री सगळं गोठेल, रेडिओ सांगतो.
ती काही झाकत नाही.
एक तुरा कापते,
मारियानच्या फाटकात खोचते.
"बकरीसाठी."