लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद

आईची कादंबरी मी मशीनरूममध्ये बसून वाचली,
ग्लदानीतल्या सोळा मजली इमारतीच्या डोक्यावर.
खाली पाटी लावली: लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद.
काम वीस मिनिटांचं होतं.
लोक साडेतीन तास जिने चढले.
अकराव्या मजल्यावरच्या दोदोबाईंनी
बटाट्यांची पिशवी टेकवत माझा उद्धार केला,
तो वरपर्यंत ऐकू आला.

एकाहत्तराव्या वर्षी छापून आली.
मला वाटायचं, रात्री ती ट्राम डेपोचे हिशेब करते.
वह्या हिशेबाच्याच होत्या म्हणा:
डावीकडे जमा,
उजवीकडे लामारा.

लामारा म्हणजे आई. दुसऱ्याच पानावर ओळखलं.
चहावर बशी झाकून विसरते,
राग आला की खिडक्या पुसत सुटते.
बाबाही आहेत, मिशी काढून, नाव बदलून,
होते त्यापेक्षा बरे.
तेवढं केलं तिनं त्यांच्यासाठी.
पोळलेला अंगठा, वीज नसलेल्या हिवाळ्यातली
केरोसीनची रांग, सगळं जिथल्या तिथे.

मी नाही.

मागे जाऊन पाहिलं.
दोन पानं चिकटली असतील म्हणून
नखानं सोडवून पाहिली.
लामाराला मूलच नाही.
तिला वेळ आहे. ती पोतीला जाते, एकटी,
बंदरावर कणीस खात बसते,
क्रेन चालवणाऱ्या कुणा गोचाकडून पोहायला शिकते.
आईला पोहता येत नाही.
समुद्रावर नेली तर पाण्याकडे पाठ करून
कलिंगड चिरत बसते.
आणि ते पोहणं तिनं असं लिहिलंय
की ग्रीसनं माखलेले माझे हात
कोपरापर्यंत गार पडले.

पान दोनशे बारा.
पोतीचं स्टेशन. कुणाचा तरी पोरगा, सात-आठ वर्षांचा,
उजव्या बुटाची नाडी सुटलेली.
लामारा बघते.
गाडी शिट्टी देते.
ती वाकत नाही.
चढते.

संध्याकाळी आईकडे गेलो.
नव्वदाव्या पानावर छपाईची चूक आहे, म्हणालो.
तिनं चष्मा शोधला, पान उघडलं,
पेन्सिलीनं दुरुस्त केली.
दुसरं काही?
नाही.
पर्सिमन खा, पिकलीयत, म्हणाली.
दोन खाल्ली. जीभ तुरट झाली.

निघताना दारात म्हणाली, "मालखाज, नाडी."
वाकली नाही. गुडघे गेलेत तिचे.

लिफ्टच्या डब्यात वीस तेत्रींचं नाणं टाकलं
आणि ती तशीच लोंबती ठेवून
खाली आलो.