उत्तर की दक्षिण

दाबोळीला उतरलेला माणूस
बॅग डिकीत जायच्या आधीच विचारतो,
उत्तर बरं की दक्षिण?
रोहिदासचं उत्तर तयार असतं.
पोरंबाळं असतील तर दक्षिण,
रात्री जागायचं असेल तर उत्तर,
आणि नवराबायको भांडून आले असतील
तर काणकोण. रस्ता लांब आहे,
बोलायला लागतातच कुठंतरी.
बावीस वर्षं हेच.

त्याच माणसाला कुडचड्याच्या घरात
मी विचारलं, आपण कुठं जायचं?
तर पाव चहात बुडवून धरला
आणि तुटून आत पडला तरी कळलं नाही त्याला.

चवथीची माटोळी उतरवली
की ऑक्टोबर लागेपर्यंत बारा दिवस आमचे.
नंतर विमानं, आणि मार्चपर्यंत
आम्ही घरात फक्त झोपायला.
बारा दिवस, आणि पतसंस्थेतले अठ्ठेचाळीस हजार.

मनस्वीनं शाळेचा नकाशा अंथरला.
चार कोपऱ्यांवर चार वाट्या,
एकीत आदल्या दिवशीची सोलकढी.
गोवा म्हणजे भिरंडीच्या बीएवढा.
एवढंच? साईश म्हणाला.
त्याला लडाख. बर्फ त्यानं
बांगड्यांच्या पेटीतलाच पाहिलाय, रक्त लागलेला.
तिला मेघालय, मुळांचे पूल.
परत पाऊस? मी ओरडले.
जूनपासून माझी एक साडी नीट वाळलेली नाही.

सासरे बार्जवर तांडेल होते.
त्यांनी नकाशाबाहेर, टेबलाच्या कडेला बोट ठेवलं.
जपान.
बाबा, देशातलं सांगा.
मग आपला डोंगर बघायला कधी जायचं?
मी स्वतः नेला मुरगावपर्यंत,
तीस वर्षं, थोडा थोडा करून.
पुढं त्यांनी कुठं ठेवला तो, एकदा बघतो.
आम्ही हसलो.
ते बोट तिथंच ठेवून बसले.

रोहिदास एवढंच म्हणाला,
मला खिडकी द्या.
गाडी दुसरा कोणी चालवत असेल तर कुठंही.

मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून मीच सांगितलं.
कोलव्याच्या रिसॉर्टात रोज चौदा खोल्या माझ्या,
चौदा पलंग, चादरीत अडकलेली वाळू,
उशीखाली विसरलेली कानातली, गोळ्या, एकदा तर दात.
मला अशी खोली हवी
जिथं सकाळी उठून
पलंग तसाच टाकून मी बाहेर पडेन.
आणि धुतलेला टॉवेल तासाभरात वाळेल.

त्या टॉवेलावरून राजस्थान ठरलं.
मडगावहून कोट्याला थेट गाडी,
तिथून तासाभरावर बुंदी.
बुंदी? लाडवाची? साईश.
नाव आवडलं सगळ्यांना, दुसरं कारण नाही.
खरं तर लडाख परवडत नव्हतं,
पण ते आम्ही त्याला सांगितलं नाही.
सासरे आले नाहीत. म्हणाले,
कोंबड्यांना कोण बघेल?

रोहिदासला खिडकी मिळाली.
रत्नागिरीच्या आधीच झोपला.

बुंदीत निळी घरं, माकडं,
पायऱ्यांची खोल विहीर, आणि ऊन.
गच्चीवर टॉवेल टाकला,
चहा पिऊन येते तो पापडासारखा कडक.
मी तो नाकाला लावून किती वेळ उभी होते.

दुसऱ्या दिवशी आवरून निघालो.
किल्ल्याच्या चढावर मला आठवलं, पाण्याची बाटली राहिली.
परत आले तर दार उघडं.
खोली करायला आलेली बाई पलंगापाशी थांबलेली,
हातात चादरीचा कोपरा.
दुमडलेला, पंचेचाळीस अंशात, गादीखाली घट्ट खोचलेला.
मी कधी केला होता तो,
देवाशपथ, आठवत नाही.

तिनं कोपऱ्याकडे बघितलं,
मग माझ्या हातांकडे.
किती? तिनं विचारलं.
चौदा, मी म्हटलं.
सोळा, ती म्हणाली,
आणि पलंगाच्या कडेला सरकून
मला बसायला जागा केली.