यंत्राची पाळी

आमच्या गटात यंत्र एकच, घरं अकरा.
प्रत्येकीला तीन दिवस.
युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून
ते सायकलच्या कॅरिअरवरून येतं,
मागच्या घराचा वास घेऊन.
माझ्या सपरीत उतरलं तेव्हा
झिंग्यांचा येत होता.
म्हणजे सायत्राकडून.

हवा ओढतं, एवढंच त्याचं काम.
पिशवीचं तोंड जबड्यात द्यायचं,
वरून दोन्ही तळव्यांनी दाबायचं,
वासराला औषध पाजताना धरतो तसं.
मग ते घरघरतं
आणि हिरानक्कीचा तांदूळ,
जो जन्मभर बोटांतून निसटत आला,
अंग आखडून घेतो.
वीट होते त्याची.
पाटावर ठेवली तर ठक् वाजते.

घरचे म्हणाले, आता राखड नको,
निंबाचा पाला नको, ढोलीला शेण नको.
ढोली कोणी लिंपत होतं ते म्हणाले नाहीत.

लाईट दुपारी दोन ते पाच.
तेवढ्यात लाखोळीची डाळ, जवस,
पोपटाचे वाळलेले दाणे, मोहफुलं.
मोहफुलं दाबली गेली की गुळासारखी काळी दिसतात,
मला ती तशी आवडली नाहीत.

आणि कोणी काय काय बंद केलं, सांगू?
कौतिकाने सातबारा आणि पोराची टीसी.
चुलबंदीचं पाणी तिच्या चुलीपर्यंत येऊन गेलंय,
तिचं बरोबरच आहे.
दसरूजींनी खर्रा, आठ पुड्या,
प्रत्येकीवर तारीख.
यमुनेच्या नातवाने बेडकी आणली होती,
बटण दाबायच्या आत धरला.

पहिल्या रात्री माझ्या एका विटेत
सोंडा दिसला.
प्लास्टिकला चिकटून, दोन दाण्यांच्या मधे.
पाय हलत होते, जायला जागा नव्हती.
टॉर्च मारून पाहिलं. झोपले. पुन्हा उठून पाहिलं.
इतके सोंडे मी उन्हात मारले,
सुपाने पाखडून कोंबड्यांपुढे टाकले,
कधी एकाचंही तोंड आठवलं नाही.
सकाळी पिशवी कापली.
फस्स झालं,
तांदूळ पुन्हा सैल, पुन्हा माझा.
सोंडा कोंबडीनेच खाल्ला. असो.

दुसऱ्या दिवशी सायत्रा आली, पातेलं परत न्यायला.
मी विचारलं, तू काय बांधलं व?
म्हणाली, झिंगे. चार पुड्या.
बोडीतले, ह्या साली बारीक होते.
बुटीबोरीच्या बहिणीसाठी.
"तिच्या घरमालकाले वास चालत नाही.
बसमधेही लोकं पाहतात पिशवीकडे."
मी म्हटलं, पुडीत नाही येणार वास,
पण कढईत?
सायत्राने पातेल्याच्या बुडाचा काळा डाग
नखाने खरवडला.
"खिडकी लावते म्हणे.
पंखा बंद करते. उदबत्ती लावते, मंग शिजवते.
गरमीत लेकरं रडतात, पण खातात."

आमच्याकडे उलटं होतं.
सायत्राच्या चुलीवर झिंगे पडले
की मी वाटी घेऊन निघायची,
बोलावणं नाही, निरोप नाही,
वारा ह्या बाजूचा असला म्हणजे झालं.
ती दारातच म्हणायची, आली का नाकाची!

जाता जाता यंत्राकडे बोट करून म्हणाली,
पुढे जायच्या आधी पुसून दे बरं लिंबानं.
पुढची पाळी अध्यक्षीणबाईंची.
त्यांच्या घरात कांदासुद्धा वेगळ्या चाकूने कापतात.

तिसऱ्या दिवशी पाच वाजता लाईट गेली.
मी लिंबू चिरलं.
अर्धं वरणात पिळलं,
अर्धं मिठाच्या बरणीत टाकलं.

मग यंत्र पोत्यात गुंडाळलं,
सुतळीने बांधलं,
आणि होतं तसंच
कॅरिअरवर चढवून दिलं.