कूत

वरुडकडच्या बागांत बाबांचा शब्द चालायचा.
झाडाभोवती एक फेरी, डोळे बारीक :
"साडेआठशे. दहा-वीस इकडंतिकडं."
मला म्हणत, "आतल्या फांदीचं फळ दिसत नसते पोरी,
ते धरा लागते."

आता खाट नंबर सहा.
डोक्यात रक्त सांडल्याला सव्वीस दिवस.
मेश्राम मॅडम कागदावर बाबांची कूत करतात :
कूस बदलणे, तीन. घास तोंडापर्यंत, दोन.
शर्टाची गुंडी, एक.
बेरजेवरून कळतं म्हणे, महिन्याअखेर किती होईल.
"काठीनं घरातल्या घरात चालतील.
उजव्या हाताचं सांगत नाही."
आई आकडा ऐकत नाही, मॅडमचं तोंड पाहते.

यात काय काय धरता, मी विचारलं.
वय. गाठ केवढी ते. घरी पायऱ्या किती.

दुपारी उजव्या तळव्यात संत्रं ठेवलं. दाबा, काका.
बोटं हललीच नाहीत.
संत्रं घरंगळत खाटेखाली गेलं.
बाबांचे डोळे बारीक झाले, तसेच,
आणि जड जिभेनं एकेक अक्षर ओढत :
"आत...ली... मोज...ली काय?"

'बोलणे'च्या रकान्यापाशी मॅडमचा पेन थांबला.
आई खाटेखाली वाकून
संत्रं शोधत होती.