सहावा उमेदवार

बॉल्टिमोर, फेब्रुवारी. तळघरात हीटर खोकतो,
माझ्या टेबलावर पोस्टकार्डांची सहा खोकी.
अवकाशातली दुर्बीण वसंतात कुठं पाहील
हे यंदा लोकांनी ठरवायचं.

वरच्या मजल्यावर नाराजी आहे.
डॉ. हाल्व्हर्सन चार वर्षं अर्ज करताहेत
एका तांबड्या ताऱ्यासाठी;
दर वर्षी नकार येतो, जाड, छान कागदावर.
"आता शाळकरी पोरं ठरवणार," म्हणाले,
आणि जाता जाता एक कार्ड टाकून गेले.
मी बघितलं नाही.
बरं, बघितलं. तीन नंबर.

उमेदवार सहा:
दोन दीर्घिका, गळ्यात गळा घालून एकमेकींना फाडणाऱ्या;
एक मरता तारा, कांद्यासारखे पापुद्रे सोडणारा;
एक गुच्छ (त्याच्या कोपऱ्यात हाल्व्हर्सनांचा तारा);
एक काठावर उभी राहिलेली ताटली; एक गुलाबी धूर;
आणि सहावा, काळा ढग.
त्याचा प्रचार कोण करणार?
पत्रकात त्याची चौकट पाहून वाटायचं,
छापखाना इथं फोटो लावायला विसरला.

डुलुथच्या तिसरीच्या वर्गानं एकगठ्ठा मतदान केलं,
एकतीस कार्डं, एकतिसांवर स्पेलिंगची एकच चूक,
म्हणजे फळ्यावरची.
टल्साच्या एका बाईनं नवऱ्याचंही मत पाठवलं:
'ते नोव्हेंबरात गेले, पण त्यांनी मरता ताराच निवडला असता.'
हे नियमात बसतं का, मी कुणाला विचारलं नाही.
मोजलं.

सहाव्या खोक्याचा तळ अजून दिसत होता
तेव्हा हेगर्सटाउनच्या तुरुंगातून एक कार्ड आलं,
तपासल्याचा शिक्का निम्मा पत्त्यावर चढलेला.
लेम्युएल ट्रॅव्हर्स.
अक्षर पट्टी धरून काढल्यासारखं.

'बाई, किंवा साहेब,
मला मत देता येईल अशी ही एकच निवडणूक आहे.
नियम दोनदा वाचले.
माझ्यासारख्यांना मनाई कुठं दिसली नाही.
असेल तर कार्ड परत पाठवू नका, फाडा.
सहा नंबर.
माझ्या खिडकीतून भिंत दिसते. अकरा वर्षं दिसते.
आत काय चाललंय ते एकदा कुणीतरी बघावं.'

मीही नियम वाचले मग, चारही पानं, उभ्यानं.
त्यांत वय नव्हतं, देश नव्हता,
गुन्हा नव्हता.
कार्ड खोक्यात ठेवलं, बाकीच्यांच्या वर नाही,
मध्ये कुठंतरी, जसं कुणाचंही ठेवलं असतं.

दीर्घिकांना एकसष्ट हजार.
सहाव्याला दोनशे चौदा.
अनामत भरलेली असती तर जप्त झाली असती.

एप्रिलात चित्र आलं, आणि खोटं कशाला बोलू,
मी खुर्चीत बसले ती बराच वेळ उठले नाही.
दोन भोवरे, मधे निळ्या ठिणग्यांचा पूल.
वर केक कापला, हाल्व्हर्सनांनी दोन तुकडे खाल्ले.
सगळ्या मतदारांना एक एक प्रत पाठवायची होती;
हरलेल्यांनाही जिंकलेल्यांचाच फोटो,
हे कुठल्याही निवडणुकीसारखंच.

ट्रॅव्हर्सांच्या पाकिटात मी एक चिठ्ठी घातली.
'तुमचं मत धरलं. दोनशे चौदांतलं एक.'
एवढ्यावर पाकीट चिकटवता आलं असतं.
'ढग काळा दिसतो,' मी पुढं लिहिलं,
'कारण मागच्या ताऱ्यांचा उजेड तो अडवतो.
आत नवे तारे पेटत असावेत असं म्हणतात.
खात्री नाही. पाहिलेलं नाही.'

उत्तर आलं नाही. येईल असं ठरलंही नव्हतं.
पाच खोकी रद्दीत गेली.
सहावं टेबलाखाली आहे,
थंडीत मी त्यावर बूट ठेवते,
रस्त्यावरच्या मिठानं पांढरे झालेले.
त्यावर नाही. शेजारी.